मांडवातली छत्री

सेतुराव लग्नाच्या मांडवात छत्री उघडून बसतात. पाऊस असो नसो, मांडव झावळ्यांचा असो की रेशमी कापडाचा, आत पाऊल पडलं की लांब दांड्याची काळी छत्री फट्दिशी उघडते. मग ती किंचित बाजूला करून, खाली जमिनीकडे बघत ते दोनचार पावलं फिरतात. स्वतःची सावली कुठं दिसली नाही तर छत्री मिटतात आणि म्हणतात, "चोखोट!" दिसली, तर शेवटची पंगत उठेपर्यंत छत्री उघडीच.

चोखोट म्हणजे उत्तम. आमच्या तंजावरी मराठीतला हा शब्द ऐकून पुण्याकडचे पाहुणे हसतात. संग्रहालयातली तलवार कुणी भाजी चिरायला घेतल्यासारखे. कुंभकोणमच्या मांडववाल्यांना मात्र मराठीतला तेवढा एकच शब्द येतो, आणि तो कानावर पडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गाव सेतुरावांना 'कुडै राव' म्हणतं. कुडै म्हणजे छत्री.

आडुतुरैच्या शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले. त्यामुळे त्यांच्यापाशी प्रत्येक गोष्टीची व्याख्या आहे. "मांडव म्हणजे काय? जिथं आपली सावली आपल्याला दिसत नाही, तो मांडव. बाकी अस्की शोभा." अस्की म्हणजे सगळी.

मी त्यांचा शेजारी. माझ्याकडे स्कूटर आहे, म्हणून लग्नाला आम्ही बरोबर जातो. छत्रीच्या बाबतीत मात्र त्यांचा शेजारधर्म तोकडा. चालताना ते छत्री डावीकडे इतकी कलती धरतात, की त्यांचा स्वतःचा उजवा खांदा उन्हात भाजून निघतो. एकदा मी शहाणपणा करून डावीकडच्या सावलीत शिरलो. "अरे, इकडून चल," म्हणत त्यांनी मला उजवीकडे, उन्हात घेतलं. डावीकडची सावली रिकामीच आमच्याबरोबर चालत राहिली. मांडवातही तोच प्रकार. डाव्या हाताच्या खुर्चीवर कापडी पिशवी ठेवून ती अडवायची आणि छत्री धरायची ती पिशवीवर. पिशवी रिकामी असते. मी पाहिली आहे. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला छत्रीचा तोल साधू नये, याची मला गंमत वाटे.

या वैकासीत, म्हणजे मे-जूनच्या ऐन उन्हात, त्यांच्या पुतणीचं, वैदेहीचं लग्न ठरलं. आईबाप दुबईला, म्हणून ती शाळा संपेपर्यंत सेतुराव आणि रुक्मिणीकाकींकडेच वाढली. या दोघांना मूलबाळ नव्हतं. वैदेही आल्यावर ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. काकींना जाऊन आता तीन वर्षं झाली. वैदेही चेन्नईला नोकरी करते, आणि तिला उघड्या आभाळाखाली लग्न करायचं होतं.

सुंदरपेरुमाळ कोयिल गावाला सेतुरावांची शेती आहे, तीत नारळाची बाग आहे. भर दुपारी अंगावर पंचा घ्यावासा वाटेल अशी सावली. पण चेन्नईहून आलेल्या सजावटकारानं बागेकडे पाहून मान हलवली. झाडं ड्रोनच्या आड येत होती. तेव्हा लग्न शेजारच्या मोकळ्या रानात नेलं. मग रान फारच मोकळं दिसतंय म्हणून चेन्नईहून फायबरचे दोन माड आणवले. थीम होती 'आपलं गाव'. गावात उभारलेल्या त्या गावात प्लास्टिकची हिरवळ होती, चाक न फिरणारी बैलगाडी होती, आणि वाटेवर दोरीला टांगलेल्या रंगीत छत्र्या होत्या. सगळ्या उलट्या.

सेतुराव बराच वेळ वर बघत राहिले. मग सजावटकाराला तमिळमध्ये म्हणाले, "तंबी, एवढ्या छत्र्या आणि सगळ्या उलट्या? ऊन साठवताय काय?"

"सार, ती थीम आहे."

"आणि छप्पर?"

"आकाश हेच छप्पर, सार!"

"ते आधीपासून होतं. तुम्ही काय आणलंत?"

ही तक्रार वैदेहीपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. "काका, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. अगदी माझ्या समोर."

"बसतो की."

"पण छत्री आणायची नाही. प्रत्येक फोटोत ते काळं दिसेल."

"मग वर कापड तरी ताणू दे, बाळ. साडेदहाचा मुहूर्त, पुढ्यात होम..."

"काका! छत्री नाहीतर पहिली रांग. काय ते एक सांगा."

सेतुरावांनी कोपऱ्यातल्या छत्रीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "चोखोट." सावली न तपासता दिलेलं त्यांचं हे पहिलंच प्रमाणपत्र.

लग्नाच्या दिवशी त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. "तुझ्यापाशी असू दे. आत आणू नको." आणि ते उघड्या डोक्यानं रानात शिरले. नादस्वरवाला वाजवता वाजवता वळून बघायला लागला. कुडै राव, आणि कुडै नाही! सेतुराव पहिल्या रांगेत बसले. डाव्या हाताच्या खुर्चीवर पिशवी ठेवली.

दहाच्या सुमाराला ऊन कामाला लागलं. पाहुणे सभ्य, त्यामुळे कुणी एकदम उठलं नाही. फोन आल्याचं निमित्त करून एकेक जण बागेत गेला. मुहूर्ताला सगळं वऱ्हाड नारळाखाली उभं होतं, माझ्यासकट. रानात उरले वधूवर, मुलीचे आईबाप, भटजी, होमाचा धूर आणि सेतुराव. वर ड्रोन घोंघावत होता. त्याच्या आड आता काहीच येत नव्हतं, माणसंसुद्धा.

वैदेहीचा चेहरा लालबुंद झाला होता. ती एकदा झुकली, सावरली, पुन्हा झुकली. सेतुराव खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. शब्द दिला होता. मग भटजींच्या माइकमधून साऱ्या बागेला ऐकू गेलं, "काका, छत्री कुठंय?"

मी धावलो. सेतुरावांनी छत्री जवळजवळ हिसकावूनच घेतली. ते तिच्या मागं, उजव्या अंगाला उभे राहिले आणि छत्री फट्दिशी उघडली.

"सार, फ्रेम..." सजावटकार ओरडला.

"राहू दे ती!" वैदेही म्हणाली. होम संपेपर्यंत सेतुरावांनी हात बदलला नाही.

काही दिवसांनी वैदेही आणि जावई व्हिडिओ दाखवायला आले. वरून पाहिलं तर प्लास्टिकची हिरवळ, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, आणि मधोमध एक काळं वर्तुळ. वैदेही पूर्ण त्याच्या आत. बाहेर फक्त एक पांढरा खांदा.

तिनं चित्र थांबवलं. "बघ, काकांचा उजवा खांदा," ती नवऱ्याला म्हणाली. "काकी होत्या तेव्हा पावसातसुद्धा हाच भिजायचा. काकी ओरडायच्या, 'अहो, मधे धरा की!' पण हे त्यांच्याच डोक्यावर धरणार."

"कॉफी निवतेय," सेतुराव म्हणाले.

दुपारी त्या दोघांना बसमध्ये बसवून आम्ही परत निघालो. ऊन चांगलंच होतं. सेतुरावांनी छत्री उघडली, नेहमीसारखी डावीकडे कलती. त्यांनी सांगायच्या आत मी उजव्या बाजूला गेलो.