न चिकटलेला बिको

माणसानं सेमिनारला जावं, फुकटचं जेवावं आणि गुमान घरी यावं. तिथं सांगितलेलं ऐकू नये. मी ऐकलं.

आमच्या बेटावरच्या नगरपालिकेत दर जुलैत पोषणाचा कार्यक्रम असतो. (मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसतो. पोषणाशी माझा संबंध या दोन टोकांपुरताच.) शहरातून आलेल्या बाईंनी पडद्यावर बिकोचा, म्हणजे आमच्याकडच्या चिकट तांदळाच्या गोड वड्यांचा, फोटो दाखवला आणि म्हणाल्या, आपले जुने गोड पदार्थ म्हणजे आरोग्याचा खजिना आहे, फक्त थोडा बदल करा. चिकट तांदळाऐवजी लाल तांदूळ घ्या, गूळ कमी करा, शेवग्याचा पाला घाला. फायबर, लोह, कॅल्शियम! मी जोरात टाळ्या वाजवल्या आणि तिथल्या तिथं ठरवून टाकलं, आता आपल्या घरचा बिको असाच होणार.

ठरवायला हरकत नव्हती हो, पण मुहूर्त चुकला. त्याच रविवारी आम्हाला मुलीकडं मागणी घालायला जायचं होतं. आमचा मुलगा रोदेल जहाजावर नोकरीला. महिनाअखेरीला त्याचं जहाज सुटणार, ते पुढच्या वर्षीच परतणार. म्हणजे लग्न त्या दिवशी ठरलं तर ठरलं. मुलीच्या, म्हणजे दालिसायच्या, घरचे सगळे राजी होते, अडून बसली होती फक्त तिची आजी, लोला पासिंग. (आजीला आमच्याकडं लोला म्हणतात.) आणि तिचा शब्द मोडायची त्या घरात कुणाची टाप नव्हती.

मागणी घालायला जाताना बिको न्यायचाच असतो. भात जसा भाताला चिकटतो तसे नवरा-बायको एकमेकांना चिकटून राहावेत, म्हणून. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण फायबरच्या नादात डोक्यातून पार उडालं.

माझी बायको सियांग डुकराच्या मटणात गुंतली होती. "तेबान, सगळं मोजून ठेवलंय," ती म्हणाली. "तू फक्त ढवळ. बाकी डोकं चालवू नकोस." (बिको ढवळणं हे आमच्याकडं पुरुषांचं काम, कारण त्याला ताकद लागते आणि अक्कल लागत नाही.) मी मान डोलावली, तिचा चिकट तांदूळ फळीवर चढवला आणि माझा लाल तांदूळ कढईत ओतला. नारळाच्या दुधात निम्मं पाणी घातलं, गूळ चवीपुरता टाकला आणि पाला मात्र सढळ हातानं. वर पसरायचा नारळाचा खमंग चुरा कोलेस्टेरॉलच्या भीतीनं वगळला. मग सगळं बांबूच्या सुपात थापून केळीच्या पानानं झाकून टाकलं.

"कसा झालाय?" सियांगनं विचारलं.

"पौष्टिक," मी म्हणालो.

तिच्या कपाळाला आठी पडली, पण बाहेर रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, त्यामुळे मी वाचलो.

दालिसायच्या घरी सगळे गोल करून बसले. तिचे वडील, आमचे होऊ घातलेले व्याही गोरियो, यांनी पाहुण्यांना गरम होऊ नये म्हणून टेबलावरचा पंखा आमच्याकडं वळवला. लोला पासिंगनं स्वतःच्या हातानं केळीचं पान उचललं आणि चष्मा वर केला.

"हिरवा का हा?"

"शेवगा, लोला! कॅल्शियम. हाडांना चांगलं."

"माझ्या हाडांचं लग्न नाहीये," लोला म्हणाली आणि सुरी घातली.

वडी निघालीच नाही. सुरी लागताच सगळा डोंगर भसकन ढासळला. लोलानं चमचाभर उचलायला घेतला, तेवढ्यात पंख्याचा झोत आला आणि दाणे तिच्या मांडीवर, चष्म्यावर, दालिसायच्या केसांत. एक तिच्या मावशीच्या कॉफीत पडला. मावशीनं छातीवर क्रूस काढला.

"बिको सुटला," लोला म्हणाली.

"सुटला नाही लोला, मोकळा झालाय! फायबर आहे ना. सकाळी पोट असं साफ..."

"मी नातीच्या संसाराचं बघतेय आणि हा मला पोटाचं सांगतोय! गोरियो, हे लग्न व्हायचं नाही."

"आई, तांदूळच आहे तो..."

"तू गप बस!"

रोदेलचा चेहरा पांढराफटक पडला. दालिसाय रडायलाच लागली. पोराचं लग्न मी मोडलं होतं, तेही चमच्यानं ढवळून! काहीतरी करायला हवं म्हणून मी म्हणालो, "लोला, यात लोहसुद्धा..." टेबलाखालून सियांगची लाथ बसली.

"लोला," सियांग उभी राहिली, "हा बिको माझ्या लेकाच्या नशिबाचा नाही. हा माझ्या नशिबाचा आहे. यानं केलाय. मागच्या नाताळात तेल वाईट म्हणून यानं अख्खं डुक्कर भाजायच्या ऐवजी उकडलं होतं."

घरभर हाय हाय झालं. व्याही गोरियोंनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं.

"तरी मी आहेच ना याच्याजवळ? एकतीस वर्षं!"

लोलानं मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. मग सियांगचा हात धरून तिनं हळूच विचारलं, "याच्याजवळ? एकतीस वर्षं? कशाच्या जोरावर गं बाई?"

मी शर्टाची कॉलर नीट केली. जरासा लाजलोही. एवढ्या माणसांत बायको आपल्याबद्दल दोन शब्द बोलणार, तर चेहरा विनम्र असावा.

सियांगनं विचार केला. बराच वेळ केला.

"आपल्या देशाच्या कायद्यात घटस्फोट आहेच कुठं, लोला!"

आधी मावशी हसली, मग व्याही, आणि मग लोला पासिंग अशी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "खरंच की!" डोळे पुसत ती म्हणाली. "चिकटवायचं काम सरकारच करतंय, मग बिको कशाला? गोरियो, चर्चमध्ये जाऊन तारीख घेऊन ये. या पंधरवड्यातली."

रोदेलनं उडीच मारली. लोलानं नातीला जवळ ओढलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं. "पोरी, नीट बघून घे. पोरगा बापावर गेला असला, तर परत करता येणार नाही."

दालिसायनं डोळे पुसले आणि खरोखरच नीट बघितलं. आधी रोदेलकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा रोदेलकडं.

"चालेल, लोला," ती म्हणाली. "तो आईवर गेलाय."