महादबाची वायर

महादबा वायर चावून बघायचा. वरचं प्लास्टिक दातानं सोलायचं, तांबं जिभेवर धरायचं, मग काडी ओढून सालपट जाळायचं आणि वास घ्यायचा. एवढं करून दुकानदाराला म्हणायचा, "पावणं, ही गाडीत घालू का हिच्यावर कापडं वाळत घालू?"

मंगळवार पेठेत त्याचं घर आमच्या घराला लागून. दारातल्या पत्र्याच्या शेडात जन्मभर लोकांच्या गाड्यांचं वायरिंग केलं. शेजारी स्टुलावर बायको, हौसा. शेडात महादबाच्या सासऱ्याची जुनी काळी मोटारही होती, तिच्या तारा उंदरांनी खाल्लेल्या. त्या गाडीतनं एकदा शाहूवाडीला माहेरी जायचं, एवढंच हौसाचं मागणं. जायच्या आधीच ती तापानं गेली.

महादबानं लोकांची कामं सोडली. तीन वर्षं नुसता त्या मोटारीला वायरिंग बघत हिंडला. सगळ्या तारांची तयार जुडी मिळते, ती आणायची आणि परत करायची. एकीची टेप उन्हात सुटते. दुसरीचं तांबं बारीक.

मी म्हणाले, "वायर बघतोयस का पोरीला स्थळ?"

"स्थळ चुकलं तर पोरगी माघारी येती, आक्का. वायर चुकली तर गाडी जळती."

शेवटी एक जुडी अशी आली की चावून, जाळून, हुंगूनही खोट निघेना. महादबा ती मांडीवर घेऊन बसून राहिला.

"आता काय झालं?"

"वायर चांगली हाय."

"मग लाव की."

त्यानं दोन तारा पुढं केल्या. "ह्यातली तांबडी कंची?"

मला वाटलं चेष्टा करतोय. एक तांबडी होती, एक हिरवी.

"मला रंग कळत न्हाईत. जन्मापासनं. हौसा सांगायची."

हा बाजारातनं कायम कच्चे टोमॅटो आणायचा आणि हौसा कधी बोलायची नाही. मी तिला बावळट समजत होते.

मी स्टुलावर बसायला गेले.

"तिथं नको," म्हणाला, आणि घरातनं खुर्ची आणली.

मी बोट लावलं. "ही तांबडी."

तो हलेना. "हौसा पिकल्याली म्हणायची."

"बरं. ही पिकलेली. ही कच्ची."

तेव्हा कुठं हात चालायला लागला.

चौथ्या दिवशी मोटारीचे दिवे लागले. आम्ही शाहूवाडीला गेलो. पुढच्या सीटवर त्यानं ते स्टूल ठेवलं. मला मागं बसवलं.