दुसऱ्या टेकला गेलेली सून

रुसलेल्यांची समजूत काढण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. जन्मभर सोफे दुरुस्त केले, कुठली स्प्रिंग टोचते ते मला बसल्याबरोबर कळतं.

माझा भाचा सिनेमा काढत होता. गाणं नाही, मारामारी नाही. बाप मुलाशी बोलत नाही, मुलगा प्रेयसीशी बोलत नाही, आणि तिघं आळीपाळीने खिडकीबाहेर बघतात. याला म्हणे नात्यांतला ताण. आमच्या घरी याला दुपार म्हणतात.

घर माझं, बाप मी, मुलगा तो स्वतः. प्रेयसी म्हणजे त्याची खरोखरची होणारी बायको. शेवटी ती बॅग उचलून कायमची निघून जाते, इतकीच गोष्ट.

त्या सकाळी स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "मामा, लग्नाच्या तारखेचा विषय काढला की हा कॅमेऱ्याची काच पुसत बसतो. आजचं एवढं उरकते आणि सुटते."

"थांब पोरी, मी आहे ना."

कॅमेरा सुरू झाला. ती बॅग घेऊन दाराशी पोचली. मी खिडकीकडून वळलो आणि भाच्याला म्हणालो, "अरे ठोंब्या, बघतोस काय? अडव तिला. अशी पुन्हा मिळायची नाही."

ती थांबली. बॅग खाली ठेवून त्याला म्हणाली, "तू एकदा म्हण. नाही जात मी."

दगडाला पाझर फुटला असता. भाचा ओरडला, "कट! मामा, तुम्ही गप्प बसायचंय. आणि तू जायचंस. मागे वळून बघायचं नाही."

"नक्की जाऊ?"

"शंभर टक्के. आणि चेहऱ्यावर जरा तिटकारा आण."

तो आणावा लागला नाही. दुसऱ्या टेकला ती अशी गेली की दाराची कडी कितीतरी वेळ हलत होती. कॅमेऱ्यामागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाचा खुशीत म्हणाला, "याला म्हणतात खरं! बोलवा तिला, जवळून एक घेऊ."

ती कोपऱ्यावरही नव्हती. फोन उचलेना. मग स्वारीचा चेहरा उतरला. "मामा, तुम्हीच जा."

गेलो. तिच्या आईने चहा दिला. तासभर बोलल्यावर पोरगी जराशी हसली. "पहिला टेक चांगला होता ना, मामा? तो त्याने जपून ठेवला असेल तर बघू."

मला आणखी काय हवं होतं? सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला आणि विचारलं.

"तो होय?" भाचा म्हणाला. "तो तेव्हाच पुसला. चुकलेला होता."

तिच्या आईने माझ्या पुढचा कप उचलला. त्यात अजून अर्धा चहा होता.