सासऱ्यांना एकोणीस खेळ्यांत लोळवलं!

सासऱ्यांना बुद्धिबळात एकोणीस खेळ्यांत लोळवणारा जावई अख्ख्या भोकरदन तालुक्यात एकच, आणि तो मी! जालन्यात मस्तगडला माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर बुद्धिबळ शिकतो.

सासरे काकासाहेब पिंपळगाव रेणुकाईचे. मी त्यांना मामा म्हणतो. वीस वर्षांत गावात कुणाकडून हरले नाहीत. रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर त्यांचा सागवानी पट मांडला जातो, आणि त्यांचा शब्द होता, "जो मला हरवील, पट त्याचा." शनिवारी रात्री घरीच, दोघांतच, डाव झाला आणि मी हरवलं. त्यांनी मुकाट्यानं पट धडप्यात बांधून माझ्या पिशवीशेजारी ठेवला.

एवढ्यावर थांबलो असतो तर! पण रविवारी सकाळी बसला अवकाश होता. म्हटलं, आपल्या विजयाचं विश्लेषण करून गावालाही चार गोष्टी शिकवाव्यात. ओट्यावर पट उघडला. सासऱ्यांचे रोजचे भिडू कचरूनाना आणि आठ-दहा म्हातारे जमले. सगळ्यांना चहा सांगितला तो सासऱ्यांनीच.

"मामांची सुरुवातच कच्ची!" मी प्याद्यावर बोट ठेवलं. "प्रत्येक प्यादं एकेक घर. इतकं घाबरून कुठं खेळतात? मी बघा, पहिल्याच खेळीत दोन घरं!"

"दोन?" कचरूनाना पुढं सरकले.

"दोन! मामांचे तर डोळेच पांढरे झाले!"

"जावईबापू, हे प्यादं हाये का जलद एसटी? मधल्या घरी थांबतच न्हाई!"

"कचरू, गप बस की!" सासरे म्हणाले. "पाव्हणे सांगून राह्यले न्हाई का!"

मला वाटलं, गावाला माझी चाल झेपेना. मी आणखी जोरात सुटलो. "आता खरी गंमत! इथं मी राजा दोन घरं सरकवला आणि हत्ती उचलून त्याच्या पलीकडं ठेवला. एकाच खेळीत! मामांना ठसकाच लागला!"

"लागंल न्हाई तर काय!" कचरूनाना उठून उभेच राहिले. "दोन सोंगट्या एकदम? मंग मी बी उद्यापासून दोन्ही हातांनी खेळतो!"

सगळा ओटा खो खो हसला. सासरे तेवढे हसले नाहीत. मी त्यांच्याकडं वळलो.

"मामा, इथं प्यादं दोन घरं चालत नाही?"

"न्हाई," ते खाली बघत म्हणाले. "आपल्याकडं एकच घर. अन राजा-हत्तीचं तसलं बिलकुल न्हाई."

"पण तो नियम आहे! बाहेर सगळीकडं असंच खेळतात!"

"असंल. मला काय ठावं? मला वाटलं, जावईबापू चोरी करून राह्यले."

"मग बोलला का नाहीत?"

"लेक दिलीय तुम्हाला. एका प्याद्यापायी चोर म्हणू का?"

या माणसानं मला चोर समजूनही आपली वीस वर्षांची अब्रू आणि पट देऊन टाकला होता, आणि मी त्याच्याच ओट्यावर त्याच्या चुका काढत होतो! मला खरंच भरून आलं. पट त्यांच्या मांडीवर ठेवला, तर घेईनात. "शब्द म्हंजे शब्द!" शेवटी ठरलं, गावच्या नियमानं पुन्हा एक डाव. जिंकंल त्याचा पट.

मी हरायचं पक्कं ठरवलं. पण नशीब बघा! मुद्दाम वेड्यासारखा खेळूनही पुढच्या खेळीत मामांवर मात होईल असा डाव जमून बसला! तेवढ्यात सासऱ्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून हत्तीमागं नेऊन बसवला. ढळढळीत चोरी! कचरूनानाही गप्प! म्हणजे सगळं गाव सामील! मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी काल एवढं गिळलं, मला एक उडी गिळता येऊ नये? पुढच्या दहा खेळ्यांत मी हरलो. सासऱ्यांनी पट जवळ ओढला, कचरूनाना लगेच समोर येऊन बसले, आणि मी कृतार्थ होऊन बसमध्ये चढलो.

"शीतल," मी बायकोला म्हटलं, "तुझ्या बाबांनी राजा घोड्यासारखा उडवला, पण मी ब्रही काढला नाही. उपकार फिटले!"

शीतल हसायला लागली ती भोकरदन येईपर्यंत. "अहो, आमच्याकडं राजाला डावात एकदा तशी उडी असतेच! नियमच हाये तो!"

म्हणजे फेड राहिलीच! समाधान एवढंच, की ओट्यावर तोंड मिटल्यामुळं उरलीसुरली अब्रू तरी वाचली होती. तीही आता तुम्हाला सांगून घालवली.