सबनीसबाई परत बटण दाबत नाहीत

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सबनीसबाईंसमोर कुणी छातीठोकपणे काही बोलत नाही. "यंदा उकाडा जास्तच आहे हो," एवढं म्हणून तर बघा. बाई चष्मा नाकावर सारून विचारणार, "कशावरून?" भाजीवाल्याला विचारतात, डॉक्टरलाही विचारतात. आमच्या हिनं एकदा कौतुकानं म्हटलं, "सुनेचा पायगुण चांगला हो!" तर बाई म्हणाल्या, "एकाच सुनेवरून कसं ठरवलंत?" ही आठवडाभर माझ्यावर डाफरत होती. म्हणे, तुम्हीच त्यांना चहाला बोलावलंत.

बाई संख्याशास्त्रज्ञ. आयुष्यभर आकडेमोडीचे प्रोग्रॅम लिहिले. माजिवड्याच्या एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. एका गोळीच्या चाचणीचा निकाल साहेबाला पसंत पडेना. तो म्हणाला, "थोडे पेशंट वगळा आणि प्रोग्रॅम परत चालवा."

"कशावरून वगळू?"

"मॅडम, मी सांगतोय म्हणून."

बाईंनी त्याच दिवशी राजीनामा त्याच्या टेबलावर आपटला. सबनीस नेहमीसारखे स्कूटर घेऊन न्यायला आलेले. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "बरं केलंस. चल, आइस्क्रीम खाऊ." हे बाई आजही सांगतात, आणि आइस्क्रीम कुठलं होतं तेही सांगतात.

सबनीस जाऊन बरीच वर्षं झाली. स्कूटर मात्र खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी.

यंदा पार्किंगची सोडत निघाली. गाड्या ढीगभर, जागा मूठभर. ज्याला सोडतीत जागा लागणार नाही त्यानं गाडी आवाराबाहेर काढायची, असा ठराव झाला. सेक्रेटरी म्हात्रे स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घेऊन आले. बाई ताडकन उभ्या राहिल्या. "डबा हलवलात कुठं? शेवटी टाकलेल्या चिठ्ठ्या वरच राहतात. तुमची शेवटी पडली, मी पाहिलंय." म्हात्रे लालेलाल झाले. शेवटी बाईंच्या लॅपटॉपवर सोडत काढायचं ठरलं.

म्हात्रे तरी कसले सोडतात! "पण बाई, तुमची स्कूटर तर बंदच आहे. तिला कशाला जागा?"

"बंद आहे कशावरून? किक मारून पाहिलीत?"

कुणीच मारली नव्हती. बाईंचं नाव सोडतीत गेलं.

बाईंनी सगळ्यांसमोर बटण दाबलं. यादी आली. तिच्यात माझं नाव होतं, बाईंचं नव्हतं.

ती स्कूटर बाहेर गेली की भंगारवाला उचलणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हात्रे चक्क विरघळले. "बाई, ही ट्रायल होती असं समजू. परत मारा बटण. कोण काय बोलतंय ते मी बघतो." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मनासारखा निकाल येईपर्यंत बटण दाबायचं? अहो म्हात्रे, ह्याच्यापायी मी नोकरी सोडली, स्कूटरचं काय घेऊन बसलात!" बाईंनी लॅपटॉप मिटला आणि चालत्या झाल्या.

मला असला राग आला! तत्त्व म्हणून माणसानं स्वतःचाच गळा कापायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला उतरलो, तर बाई स्कूटरवर बसलेल्या. मागच्या सीटवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, पर्स मांडीवर. पुढची सीट रिकामी. मला पाहून घाईघाईनं उतरल्या. "पुसत होते," म्हणाल्या. हातात फडकंही नव्हतं.

तसाच वर गेलो, किल्ली आणली, माझी गाडी काढून रस्त्यावर लावली आणि स्कूटर ढकलत माझ्या जागेत नेऊन उभी केली. गाडी टोइंगवाल्यांनी उचलली तर उचलू दे, गेली खड्ड्यात!

बाई तरातरा मागोमाग आल्या. "ही ढवळाढवळ आहे. निकाल बदललात तुम्ही!"

"कशावरून?" मीही आवाज चढवला. "जागा मलाच लागलीय ना? मग तिथं मी गाडी लावीन, नाहीतर म्हैस बांधीन. तुमचा प्रोग्रॅम कोण विचारणारा?"

बाईंनी खाली पडलेलं कव्हर उचललं. मग कव्हरचं एक टोक माझ्या हातात देऊन हळूच म्हणाल्या, "नीट झाका हं. ह्यांना धूळ चालत नाही."