शामसियाच्या पिलावाचं गाणं

एशाता स्वयंपाकघरात कांदा परतत होती आणि रेडिओवर एशाताच बोलायला लागली.

"अनरीफ, आई बोलतेय," रेडिओ म्हणाला. "फोन का उचलत नाहीस रे मेल्या? आज कार्याच्या हॉलमध्ये जेवू नकोस, घरी ये. शामसियाने पिलाव केलाय. वाळू रे बाबा, नुसती वाळू! मी आपला घरी भात टाकलाय. आणि हे कुणाला सांगू नकोस." मग ढोल धडाडले आणि तिचा मुलगा, पोटचा मुलगा, त्या तालावर भराभरा बोलायला लागला. मधूनमधून मागून तिचाच आवाज यायचा, "वाळू रे बाबा, नुसती वाळू!" इकडे कांदा करपला.

तिने ताबडतोब अनरीफला फोन लावला. या वेळी त्याने उचलला.

"अगं आई, सगळेच रॅपर गाण्याच्या सुरुवातीला आईचा फोनवर रेकॉर्ड झालेला निरोप घालतात. त्याशिवाय या पोराला घरदार आहे असं लोकांना वाटतच नाही."

"मग 'बाळा, जेवलास का' असा निरोप नव्हता का एखादा?"

"तसं सगळ्यांच्याच आया बोलतात. तू चिडलीस ना, की तालात बोलतेस."

"आणि कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, त्याचं काय?"

"मी कुठे सांगितलं? तूच सांगितलंस. आई, गाणं पहिल्या नंबरावर आहे!"

आता ही शामसिया म्हणजे कोण? तर एशाताच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणारी जिवाभावाची मैत्रीण. एशाता पहाटे ऑफिसांच्या फरशा पुसायला जायची, तेव्हा अनरीफला न्याहारी भरवून शाळेत सोडणारी ही शामसियाच. कुणी आजारी पडो, कुणाचं मयत होवो, सगळ्यात आधी धावणार ती. म्हणून तर फ्रान्समधल्या या मार्सेल शहरात कोमोरो बेटांवरून आलेल्या आम्हा मंडळींच्या प्रत्येक कार्यात तिचा पिलाव असायचा, आणि प्रत्येक जण तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळून "वा!" म्हणायचा. असं माणूस आयुष्यातून गेलं तर दुसरं आणायचं कुठून?

"अहो, आता हो काय करू?" तिने नवऱ्याला विचारलं.

सोइली बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाला होता आणि बहुतेक सगळ्याच गोष्टींतून निवृत्त झाला होता. "तो आवाज माझा नाही, असं सांग," तो म्हणाला.

झालं! एशाता तसं सांगत सुटली. पण ज्या बाईने सगळा जन्म सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून पोरांना जेवायला हाका मारल्या, तिचा आवाज त्या इमारतीत न ओळखणारा माणूस बहिराच असणार. पोरं जिन्यात तिला पाहून गाणं म्हणायला लागली. तेव्हा तिने दुसरी युक्ती काढली. "आवाज माझाच आहे," ती म्हणाली, "पण ती शामसिया वेगळी."

वस्तीत आणखी दोन शामसिया होत्या. दोघीही त्याच दुपारी दारात हजर!

"माझा भात वाळू काय गं?" मासळी बाजारातली शामसिया कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"की माझा?" मशिदीमागची शामसिया ओरडली. "तुझ्या सासूच्या चाळिसाव्याला दोनदा मागून घेतला होतास! तेव्हा नाही टोचली वाळू?"

भांडण मिटवायला वडीलधाऱ्या बायका मध्ये पडल्या. ठरलं असं, की एशाताने हॉलमध्ये सगळ्यांसमोर दोघींचा पिलाव खायचा आणि शपथेवर सांगायचं. तिने पोट फुटेस्तोवर खाल्लं आणि शपथ घेतली, की हा नाही आणि तोही नाही. दोघी खूश होऊन घरी गेल्या. आणि मग सगळ्या हॉलच्या लक्षात आलं, की आता शामसिया एकच उरली.

पुढच्या शनिवारी तर कहर झाला. मार्सेलच्या फुटबॉल संघाने पॅरिसवाल्यांना हरवलं आणि स्टेडियममधली आपली माणसं पाहुण्या संघाकडे बघून एका सुरात गर्जायला लागली, "वाळू रे बाबा, नुसती वाळू!" सोइली टीव्हीसमोर टाळ्या पिटत उठला, मग बायकोचं तोंड पाहून गुपचूप बसला. खालच्या मजल्यावरचा टीव्ही खटकन बंद झाला. तो आवाज एशाताला नेमका ऐकू आला.

त्यानंतर शामसिया दिसेचना. दार वाजवलं तर उत्तर नाही. एशाताला जेवण गोड लागेना. शेवटी एक दिवस तिने मनाशी ठरवलं, की पाय धरायचे, शिव्या खायच्या, पण ते दार उघडून घ्यायचंच.

ती जिना उतरायला लागली तर जिन्यात ही गर्दी! पोरंपोरी रांगेने उभी होती आणि रांग थेट शामसियाच्या दारात गेली होती.

"मावशी, रांग मोडू नका हं," एक मुलगी म्हणाली. "मी लियोंहून आलेय. गाण्यातला भात इथेच मिळतो."

आत शामसिया नवी ओढणी लेवून, घाम पुसत डबे भरत होती. एशाताला पाहून तिचा हात थांबला.

"शामसिया, मला माफ कर गं. जीभच झडो माझी!"

"झडो म्हणे! आठवडाभर रडले मी तुझ्यापायी," शामसिया म्हणाली. "मग दोघं जण दारात येऊन विचारतात, वाळूवाल्या मावशी तुम्हीच का? म्हटलं, रडत काय बसायचं, पातेलं चढवावं. काल चुकून मऊ झाला, तर मेल्यांनी परत केला!"

एशाता हसली आणि हसताहसता रडली. तेवढ्यात बाहेर ढकलाढकली सुरू झाली, तशी ती सवयीने गरजली, "अरे नीट उभे राहा रे!" रांग एकदम सरळ झाली. "हाच तो आवाज!" लियोंची मुलगी किंचाळली. "मावशी, म्हणा ना एकदा!"

शामसियाने डोळे बारीक केले. "खाल्ल्याशिवाय कसं म्हणेल? घे गं एशाता, आ कर."

तेव्हापासून रोज दुपारी एशाता त्या दारात बसायला लागली. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर शामसियाच्या हातचा घास खायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "वाळू रे बाबा, नुसती वाळू!" लोक टाळ्या वाजवायचे. शिक्षा खरीच, पण मैत्रिणीने स्वतःच्या हाताने भरवलेली. एशाता मजेत होती.

असाच महिना गेला. एका संध्याकाळी घरी जेवताना तिने आपल्याच भाताचा पहिला घास तोंडात घातला आणि ती चावायची थांबली. पुन्हा एक घास घेतला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आपला भात आज गिचका झालाय का हो?"

सोइलीने ताटातून मान वर केली नाही. "लग्न झाल्यापासून गिचकाच होतोय. मी आपला नेहमी आधी खाली शामसियाकडे जेवून येतो."

एशाताने आधी टेबलावरचा फोन उचलून पूर्ण बंद केला, आणि मगच तोंड उघडलं.