दादूच्या तराजूतली मोहर

रुपयावरच्या राणीला नाक नव्हतं.

मनुबाईची तपकीर पुढच्या बाजारापर्यंत कधी पुरत नसे.

कानशीला खोबरेल लावून ठेवलं की गंज चढत नाही.

आगरदांड्याचे पाहुणे खाडी ओलांडून आले, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या धोतरांनी.

आणि दादू म्हणाला, "सोन्याचा व्यवहार हाय. चारचौघांत वजन होऊ दे."

दादूचं म्हसळ्याजवळ किराण्याचं दुकान. त्याच्या सदासाठी आगरदांड्याच्या अंबाजीची राही बघितली होती, पसंतही पडली होती. आज फक्त सुपारी फोडायची. अंबाजीने लेकीला आजीची सोन्याची मोहर कबूल केली होती. जुनी मोहर एक तोळा भरते. जुना चांदीचा रुपयाही एक तोळा. म्हणून दुकानांतून असा रुपया वजन म्हणून चाले. दादूकडेही चाले. त्याने हौसेने दुकानातला लहान तराजू ओटीवर आणला. एका पारड्यात मोहर, दुसऱ्यात रुपया.

मोहरेचं पारडं खाली गेलं. खालीच राहिलं.

"जड हाय," शेजारची मनुबाई म्हणाली.

"जड म्हंजे चांगलंच की," सदा म्हणाला.

"सोनं हाय तेवढंच भरतं, बाबा. जास्ती भरलं तर आत भलतंच काय हाय." ही दादूची बायको, चंद्राबाई.

अंबाजीने मान खाली घातली. सदा तबकातल्या अख्ख्या सुपारीकडे बघत राहिला.

रुपयाला कानस कोणी लावली हे त्या ओटीवर एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तोही विसरला होता. इतकी वर्षं हिंग, चहा, तपकीर तोलून तोलून दादूला तो रुपया खराच वाटू लागला होता. आता त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"वारा हाय," तो म्हणाला.

अंगणातल्या माडाचं पातंही हलत नव्हतं.

"पारडी बदला," मागून कोणीतरी म्हणालं. बदलली. आता दुसरं पारडं खाली गेलं, मोहरेसकट.

"ऱ्हाऊ दे," दादू म्हणाला. "पावण्यांवर माझा इश्वास हाय."

"आता इश्वास?" चंद्राबाई म्हणाली. "सदा, छिन्नी आण. फोडूनच बघू."

सदा जागचा हलला नाही.

"आणा की," अंबाजी शांतपणे म्हणाला. "फोडा."

"फोडायची न्हाय. लक्ष्मी हाय ती." दादूचा आवाज चिरकला.

मनुबाईने कनवटीची गाठ सोडली. "ह्यो माज्या मयतीचा रुपया. कदी खर्चला न्हाय. ह्याच्यासंगं तोला."

काटा मधोमध उभा राहिला. ओटीवर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सदा तर मोठ्याने हसला. क्षणभर दादूलाही वाटलं, सुटलो.

पण मनुबाईने आपला रुपया उचललाच नाही. तिने मोहर काढली आणि तिथे दादूचा रुपया ठेवला. तो वर गेला.

"जुना हाय," दादू म्हणाला. "झिजतो."

मनुबाईने रुपयाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड खरखरीत होती.

"दादू," ती म्हणाली, "माजी तपकीर."

"आमचा चहा," अंगणातून आवाज आला.

"आन हिंग," आणखी एक.

चंद्राबाई आत गेली. चहा काही बाहेर आला नाही. दादू सारवलेल्या जमिनीवरची बोटांची नक्षी बघत बसला, जणू ती पहिल्यांदाच दिसत होती.

अंबाजीने मोहर पुसून फडक्यात बांधली.

"मामा, सुपारी..." सदा कसाबसा म्हणाला.

"फोडू की. तुजा काय दोष?" मग तो दादूकडे वळला. "पोरगी दिली, व्याही. हळद मात्र आमी तिकडूनच आणू."

दादूने मान हलवली. सुपारी फोडताना अडकित्ता त्याच्या हातातून निसटला, तो सदाने उचलला.

आदल्या दिवशी मुरुडच्या सोनाराने अंबाजीसमोर ती मोहर तोलली होती. बरोबर एक तोळा.